परदेशी माल पाठवताना आणि मागवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही फॉरवर्डर, म्हणजे लोकांचा माल जहाजाने-विमानाने परदेशी पोचवून देणारे. आमचं ऑफिस फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि माल खाडीपलीकडे न्हावा-शेव्याच्या बंदरात. मधल्या मधे फोन. वीसेक वर्षं फोनवर जी उत्तरं देत आलो ती इथे एकदाची लिहून काढली. प्रश्न लोकांचेच आहेत, शब्दही बहुतेक त्यांचेच.

दुबईला वीस फुटी कंटेनरचा दर काय?

दहातले नऊ फोन इथूनच सुरू होतात. दर लिहिला तर तुम्ही वाचेपर्यंत शिळा होईल. समुद्री भाडं पंधरवड्याला बदलतं, कधी आठवड्यालाही. शिवाय भाडं हा बिलातला एकच आकडा. त्याच्या मागून टर्मिनल हँडलिंग येतं, बीएल (जहाजाच्या मालपावती) ची फी, सील, कस्टम्सचं काम करणाऱ्या सीएचएची फी, ट्रेलर, हमाली-वाराई, आणि पलीकडच्या बंदरातले खर्च वेगळेच.

कोणी फारच स्वस्त दर दिला तर पलीकडे तुमच्या ग्राहकाकडून काय वसूल होणार ते आधी विचारा. एलसीएल मालात, म्हणजे अनेकांचा माल एकाच कंटेनरमध्ये जातो त्यात, तर कधी कधी भाडं शून्य सांगतात आणि सगळी कसर तिकडच्या पार्टीकडून काढतात. तुम्हाला वाटतं आपण पैसे वाचवले. ग्राहक तिकडून डाफरतो आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला देतो. दर मागताना एवढं विचाराच: यात काय काय धरलंय, कोणत्या तारखेपर्यंत लागू, जहाज थेट जातं की मधे माल दुसऱ्या जहाजावर चढतो, आणि फ्री डेज, म्हणजे कंटेनर फुकट ठेवायचे दिवस, किती. हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. त्याचं उत्तर खाली चीनच्या खेळण्यांच्या प्रश्नात आहे, आणि ते महाग आहे.

जीएसटी नंबर आहे. निर्यातीसाठी आणखी काय काढावं लागतं?

सगळ्यात आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपये भरून घरबसल्या मिळतो आणि नंबर म्हणजे तुमचा पॅनच. एजंटला पाच हजार देऊ नका. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, काहीही बदललं नसलं तरी. विसरलात तर निष्क्रिय होतो, आणि हे नेमकं माल गेटवर उभा असताना कळतं.

मग बँकेकडून एडी कोडचं (परदेशी चलनाचा व्यवहार करणाऱ्या तुमच्या शाखेच्या नंबरचं) पत्र, आणि त्याची ज्या बंदरातून माल जाणार तिथे नोंदणी. समुद्रमार्गे न्हावा-शेव्याला केली आणि सँपल सहारहून विमानाने पाठवायला निघालात तर तिथली नोंदणी वेगळी करावी लागते. कर न भरता निर्यात करायची तर जीएसटी पोर्टलवर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरायचं. ते एका आर्थिक वर्षापुरतंच असतं, म्हणजे १ एप्रिलला नवं. शेवटी मालाप्रमाणे संस्था: मसाल्यांना स्पाइसेस बोर्ड, फळं-भाज्या आणि तयार खाद्यपदार्थांना अपेडा, सुती कापडाला टेक्सप्रोसिल.

फॉरवर्डर, सीएचए आणि शिपिंग लाइन एकच का नाही?

लाइन जहाज आणि कंटेनर देते. फॉरवर्डर जागा बुक करतो, मधले दुवे जुळवतो. सीएचए म्हणजे कस्टम्सचा परवाना असलेला माणूस, तुमच्या वतीने कस्टम्समध्ये कागद तोच भरतो. कायद्यात आता त्याला कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण बाजारात सीएचए हाच शब्द चालतो आणि चालत राहील.

माल मुंबई बंदरातून जाईल की न्हावा-शेव्यातून?

कंटेनर असेल तर न्हावा-शेवा, जवळजवळ नक्कीच. मुंबई बंदरात आज मुख्यतः गाड्या, पोलाद, तेल-रसायनं असा माल चालतो. न्हावा-शेवा २६ मे १९८९ ला सुरू झालं ते मुंबईवरचा भार हलका करायला. ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे, पण जगाच्या लेखी ती मुंबईच. गोंधळ इथेच होतो.

आणि हा गोंधळ पैशात मोजावा लागतो. ग्राहकाच्या बँकेने एलसीत (पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रात) ‘मुंबई बंदर’ असं लिहिलं आणि बीएलवर ‘न्हावा-शेवा’ छापून आलं, की बँक तो फरक दाखवून कागद अडवते. माल समुद्रात, पैसे बँकेत, आणि तुम्ही ईमेल लिहीत बसता. एलसीचा मसुदा आला की त्यात ‘भारतातलं कोणतंही बंदर’ असं घालून घ्या. ही दुरुस्ती आधी फुकट होते. नंतर प्रत्येक दुरुस्तीला बँक फी लावते.

पालघरला वाढवण बंदर होणार आहे, जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींची मंजुरी दिली, याबद्दलही लोक विचारतात. तुमच्या आजच्या शिपमेंटशी त्याचा काही संबंध नाही.

पूर्ण कंटेनर घ्यावा की एलसीएल?

वीस फुटीत आतली जागा साधारण ३३ घनमीटर, पण खोके रचताना फटी राहतात, तेव्हा २६-२८ धरा. चाळीस फुटी हाय क्यूबमध्ये ७६ च्या आसपास. माझा अंदाज असा की माल १३-१४ घनमीटरच्या वर गेला की पूर्ण वीस फुटीचा भाव काढून बघावा. एलसीएलमध्ये भाडं घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त असेल त्यावर लागतं, आणि तुमचा माल इतर दहाजणांच्या मालाबरोबर उघडतो, थांबतो. त्यातल्या एकाचा कागद अडला तर सगळ्यांचा कंटेनर अडतो.

वजनदार मालाला मोठा कंटेनर घेऊ नका. चाळीस फुटी दुप्पट लांब असतो, पण वजन दुप्पट उचलत नाही. भरलेल्या कंटेनरची कमाल मर्यादा दोन्हीकडे बहुधा तीसेक टनच. टाइल्स, ग्रॅनाइट, नटबोल्ट वीस फुटीत. कापूस, फोम, प्लास्टिकच्या बादल्या चाळीस फुटीत.

एफओबी, सीआयएफ, एक्सवर्क्स... कोणतं घेऊ? ग्राहक म्हणतो एफओबी.

ही इनकोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची हे सांगणारे ठरलेले शब्द. पॅरिसचं इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स ती ठरवतं. सध्या २०२० ची आवृत्ती चालते आणि तिच्यात एकूण ११ आहेत. भाडं कोण भरणार हे सगळ्यांना पाठ असतं. माल वाटेत खराब झाला तर कोणाच्या डोक्यावर, हे कोणी विचारत नाही.

एफओबीत जोखीम ग्राहकाकडे जाते ती माल जहाजावर चढल्यावर. हा नियम गोणी आणि पेट्या क्रेनने उचलून जहाजात टाकायच्या त्या काळचा. आज तुम्ही भिवंडीच्या गोदामात कंटेनर भरता, सील लावता, ट्रेलर सोडता. तो टर्मिनलच्या यार्डात चार-पाच दिवस उभा राहतो. तुमच्या दृष्टीने माल गेला. कागदावर तो अजून तुमचाच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तसा पाऊस त्या चार दिवसांत झाला, यार्डात पाणी चढलं आणि कंटेनरचा तळ भिजला तर? ग्राहकाचा विमा जहाजापासून सुरू होतो. तुमचा नाहीच, कारण तुम्हाला वाटलं एफओबी म्हणजे विमा त्याचा.

म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए घ्या. त्यात माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम सरकते. चेंबरही हेच सांगतं. ग्राहकाला शब्द नवा वाटेल, भाव तोच राहतो. तो हट्टाला पेटला तर एफओबी द्या, पण गोदाम ते जहाज एवढ्या टप्प्याचा विमा स्वतः काढा. हप्ता किरकोळ असतो.

एक्सवर्क्समध्ये निर्यातीचं कस्टम्ससुद्धा ग्राहकाच्या गळ्यात. इकडे ज्याचं काहीच नाही असा परदेशी माणूस शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्स अर्ज) कसं भरणार? शेवटी ते तुमच्याच नावाने भरलं जातं, मग एक्सवर्क्स म्हणण्यात अर्थ काय. डीडीपी त्याच्या उलट टोकाला: परदेशातली ड्युटी आणि कर तुम्ही भरायचे. त्या देशातला कर ओळखीचा नसेल तर डीडीपीच्या वाटेला जाऊ नका.

विमानाने पाठवलं तर वजनापेक्षा जास्त पैसे का लावले?

कारण विमान जागेचेही पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा, ६,००० ने भागा. ६० बाय ५० बाय ४० चं खोकं म्हणजे २० किलो. आत चिवडा भरून प्रत्यक्ष वजन नऊच किलो असलं तरी बिल वीसचं. कुरिअरवाले बहुतेक ५,००० ने भागतात, म्हणजे तेच खोकं २४ किलो. खोकं जरा लहान घेतलं असतं तर, हे वाक्य मी महिन्याला दोनदा ऐकतो.

हापूस पाठवायचाय. विमान की जहाज, आणि कागद कोणते?

ताजा हापूस बहुतेक विमानाने, सहारहून. पण देशागणिक प्रक्रिया बदलते: अमेरिकेला विकिरण लागतं, जपानला गरम वाफेची प्रक्रिया, युरोपला गरम पाण्याची. वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात हे सगळं होतं. बरोबर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे फळाला कीड-रोग नसल्याचा दाखला.

इथे कागद फळापेक्षा नाजूक. मे २०२५ मध्ये मुंबईहून गेलेले आंब्याचे किमान १५ लॉट अमेरिकेने नाकारले. विकिरण झालं होतं, पण त्याच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये घोळ होता. परत आणायचा विमानखर्च परवडत नाही, म्हणून तिथेच नष्ट करायची पाळी आली. आंब्यात काही खोट नव्हती.

जहाजाने रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये जाणाऱ्या फळांबद्दल एवढंच: द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास, केळी १३-१४ ला. दोन्ही एका कंटेनरमध्ये घालू का, असं विचारणारे भेटतात. नका घालू. केळी काळी पडतील.

रिकामा कंटेनर दारात आला. भरायच्या आधी काय बघू?

आत जा, दारं लावून घ्यायला सांगा. खरंच. दोन मिनिटं अंधारात उभं राहा. वर नजर टाका: छताच्या कोपऱ्यात, दाराच्या रबराशी, कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का? उरणच्या एका यार्डात एप्रिलच्या दुपारी मी असा उभा होतो, शर्ट अंगाला चिकटला होता, आणि डावीकडे वर हरभऱ्याएवढं भोक दिसलं. तेवढ्यातून पंधरा दिवसांच्या समुद्रप्रवासात किती पाणी येतं ते एकदा ओल्या झालेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवरून कळलं होतं. कंटेनर परत केला, ड्रायव्हर कुरकुरला, दुसरा आला.

मग नाकाने बघा. आधी मासळी किंवा रसायन भरलेल्या कंटेनरचा वास जात नाही. चहा-मसाले त्यात घातले तर ते वास घेऊनच उतरतात. खाली लाकडी फळ्या हाताने चाचपा, ओल्या असतील तर त्या पुढे माल ओला करतील. भोक नसलं तरी आतल्या आत घाम येतो: दिवसा तापतं, रात्री थंड होतं, छतावर थेंब जमतात आणि खोक्यांवर टपकतात. म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या लटकवायच्या. पावसाळ्यात तर विसरूच नका.

सील लावल्यावर नंबरचा फोटो काढा. दाराचा, नंबरपाटीचा, सीलचा, सगळा एका फ्रेममध्ये. पुढे कोणी ‘सील वेगळं होतं’ म्हणालं तर हाताशी फोटो असतो.

लाकडी पेटी, पॅलेट, पेंढा: काय चालतं?

कच्च्या लाकडाच्या पेटीला आणि पॅलेटला आयएसपीएम १५ या लाकडातल्या किडींविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय नियमाची खूण हवी. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशावर सलग ३० मिनिटं उष्णता द्यायची आणि गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारून घ्यायचा. प्लायवूडला हे लागत नाही. पेंढा मात्र बऱ्याच देशांत आत येऊच देत नाहीत, कारण त्यातून किडे जातात. पेणच्या मूर्तिकारांना हे एकदा सांगून पटत नाही, कारण पिढ्यान् पिढ्या मूर्ती पेंढ्यातच बांधल्या गेल्या. आता कागदाचे कातरे आणि फोम वापरतात.

व्हीजीएम म्हणजे काय, आणि ते दिलं नाही तर?

भरलेल्या कंटेनरचं खरं वजन. १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षा कराराखाली ते दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. एकतर भरलेला कंटेनर काट्यावर घ्या, नाहीतर आतला सगळा माल, पॅकिंग वजन करून त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवा. दारावर ते लिहिलेलं असतं. अंदाजपंचे आकडा टाकू नका.

माझा कंटेनर ‘रोल’ झाला म्हणजे नक्की काय झालं?

ठरलेल्या जहाजावर चढला नाही, पुढच्या जहाजावर ढकलला. कधी लाइनने जागेपेक्षा जास्त बुकिंग घेतलेलं असतं, त्याला इलाज नाही. पण निम्म्या वेळा कारण आपल्याकडेच असतं. प्रत्येक जहाजाला गेट कट-ऑफ आणि कागदांचा कट-ऑफ, म्हणजे शेवटची वेळ, असते. सीएचए शिपिंग बिलाची चेकलिस्ट पाठवतो, ती तुम्ही तपासून ‘ओके’ म्हणायचं, मग ती कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर जाते, आणि शेवटी अधिकारी लेट एक्सपोर्ट ऑर्डर, म्हणजे माल जाऊ द्यायची परवानगी, देतो. चेकलिस्ट शुक्रवारी संध्याकाळी आली आणि तुम्ही लग्नाला गेलात की सोमवार उजाडतो.

चेकलिस्टवर नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवू नका. इन्व्हॉइस नंबर, जीएसटी नंबर, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) आणि एडी कोड एकेक अक्षर बघा. शिपिंग बिल हाच आयजीएसटी परताव्याचा अर्ज असतो. तुमच्या जीएसटी रिटर्नमधला इन्व्हॉइस नंबर आणि यावरचा जुळला नाही तर परतावा अडकतो. एका डॅशसाठी आठ महिने लटकलेला परतावा मी पाहिलाय.

बीएल सरेंडर करा असं ग्राहक म्हणतो. करू का?

पैसे आले का? आले असतील तर करा.

बिल ऑफ लेडिंग हे मालाचं मालकीपत्र. मूळ प्रती बहुधा तीन निघतात, त्यातली एक बंदरात दाखवली की माल मिळतो आणि बाकीच्या बाद. आपल्याकडे यासाठी १८५६ चा कायदा चालू होता, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीचा. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. सरेंडर किंवा टेलेक्स रिलीज म्हणजे तुम्ही मूळ प्रती इथेच परत करता आणि तिकडे कागद न दाखवता माल सुटतो. सीवे बिल तर मालकीपत्र नसतंच.

आमच्याकडच्या एका कापडवाल्याने पाच वर्षं जुन्या ग्राहकाला असं सरेंडर करून दिलं. ग्राहक म्हणाला होता, माल दोन दिवसांत पोचतोय, कुरिअर यायला आठवडा, उगाच डेमरेज कशाला. बरोबरच होतं त्याचं. माल सुटला आणि मग दर्जाच्या तक्रारी सुरू झाल्या. शेवटी ६० टक्क्यांवर तडजोड झाली. मूळ बीएल हातात असता तर तक्रारी आल्या असत्या, पण माल सुटायच्या आधी, आणि बोलणी वेगळी झाली असती.

जवळच्या देशांना, म्हणजे दुबईच्या जेबेल अली बंदराला जिथे जहाज चार-पाच दिवसांत पोचतं, तिथे ही अडचण खरी आहे. तिथे आधीच आगाऊ रक्कम वाढवून घ्या. एलसी असेल तर त्यात वेगळं काही लिहिलेलं नसताना माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे, यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा नियम आहे. २१ भरपूर वाटतात. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर (माल कुठल्या देशाचा त्याच्या दाखल्यावर) सही आणायला माणूस धाडला की कळतं किती भरपूर.

चीनहून खेळणी मागवलीत. कंटेनर आलाय, सोडवायला लाखोंचं बिल कसं झालं?

हा फोन सगळ्यात वाईट, कारण तो नेहमी उशिरा येतो.

तीन वेगवेगळी मीटर एकाच वेळी पळत असतात. कंटेनर सीएफएसच्या (बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामाच्या) जागेत पडून आहे त्याचं ग्राउंड रेंट, टर्मिनलमध्ये पडून असेल तर त्याचं डेमरेज, आणि लाइनचा डबा तुमच्याकडे अडकलाय त्याचं डिटेन्शन. लोक सरसकट ‘डेमरेज’ म्हणतात, पण बिलं वेगवेगळ्या खिडक्यांवर भरायची असतात. फ्री डेज संपले की दर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि लाइनचा बहुधा डॉलरमध्ये. चौथं मीटर सरकारचं: बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्स अर्ज) जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये.

खेळण्यांचं सांगायचं तर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा मार्क सक्तीचा आहे, आणि परवाना परदेशातल्या कारखान्याला लागतो. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका व्यापाऱ्याने तिकडच्या एजंटच्या ‘नो प्रॉब्लेम’वर विश्वास ठेवून कंटेनर मागवला. तो सुटला नाही. वकील, अर्ज, सुनावणी यांत दिवस गेले, मीटर चालूच. शेवटी माल परत पाठवायचा तरी भाडं आणि साचलेलं डिटेन्शन मिळून मालाच्या किमतीच्या पुढे गेलं. मी त्याला काहीही मदत करू शकलो नाही. पैसे पाठवायच्या आधी एचएस कोड काढा आणि त्या कोडवर कोणत्या परवानग्या लागतात ते सीएचएला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, आम्ही त्याचे पैसेही घेत नाही.

विमा काढलाच पाहिजे का? लाइन भरपाई देतेच ना?

लाइनची जबाबदारी वजनावर किंवा नगावर ठरलेल्या मर्यादेपुरती असते. महाग मालाला ती हाताला लागत नाही. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ ६४० कंटेनरसह बुडालं. आपल्याच किनाऱ्यावर, वादळी हवेत, बंदर जवळ असताना.

सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे ठेवून, माल घेत असाल तर एक खाच लक्षात ठेवा. सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर बंधन फक्त किमान विम्याचं, म्हणजे क्लॉज सी. जहाज बुडालं, जळलं तर पैसे मिळतील. चोरी झाली, पावसाचं पाणी शिरलं तर नाही. तुम्हाला क्लॉज ए हवा आणि तो करारात लिहून घ्यावा लागतो. रक्कम मालाच्या सीआयएफ किमतीत १० टक्के वाढवून धरतात.

जनरल ॲव्हरेज हा प्रकार तर ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. जहाज वाचवायला खर्च झाला तर तो सगळ्या मालधन्यांनी मिळून सोसायचा, तुमचा माल धडधाकट असला तरी. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात आडवं अडकलं, त्यानंतर हेच झालं. विमा असलेल्यांसाठी विमा कंपनीने हमी दिली. बाकीच्यांना आपलाच माल सोडवायला रोख ठेव ठेवण्याची वेळ आली.

युरोप-अमेरिकेला किती दिवस लागतात?

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. दहा-बारा दिवस सहज वाढले. म्हणून दिवस विचारताना ‘कुठून जाणार’ हेही विचारा.

यात मी स्वतः तोंडावर पडलोय. २०२४ मध्ये पेणच्या एका कारखान्याच्या गणेशमूर्ती अमेरिकेतल्या एका मंडळाला जायच्या होत्या. मी जुन्या सवयीने दिवस मोजले, वळसा धरला, पण मधल्या बंदरात माल दुसऱ्या जहाजावर चढवताना लागणारी रांग धरली नाही. वर तिकडच्या कस्टम्सने तपासणीला काढला. चतुर्थी ७ सप्टेंबरची, कंटेनर उघडला विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी. मूर्तिकाराने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, तो एवढंच म्हणाला, “राहू द्या, पुढच्या वर्षी चालतील.” आता मूर्तींसाठी मी होळीच्या आत बुकिंग करतो, लोक हसले तरी.

मुलीला अमेरिकेत फराळ पाठवायचाय. तुम्ही घ्याल का?

नाही हो, ते कुरिअरवाल्यांकडे. दादर-ठाण्यात फराळ पाठवणारे खूप आहेत. यादी खरी लिहा, तूप गळणारे डबे टाळा आणि निघायच्या आधी त्या देशात दुधाचे पदार्थ चालतात का ते विचारा.

कंटेनर कुठे आहे ते मला स्वतःला बघता येईल का?

येईल. कंटेनर नंबर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो, शेवटचा आकडा चूक पकडण्यासाठी. लाइनच्या साइटवर टाका. ‘पोचला’ दिसलं म्हणजे जहाजावरून उतरला, एवढंच. सुटला असं नाही.

कागद किती वर्षं ठेवायचे?

कस्टम्सचे पाच वर्षं. जीएसटीचे वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. दोन्ही वेगळे मोजायची डोकेदुखी नको म्हणून मी सगळ्यांना आठ वर्षं सांगतो. आमच्या माळ्यावर २००९ च्या फायलीही आहेत, त्यातल्या दोन वाळवीने खाल्ल्या. स्कॅन करून ठेवा.